धाकूची छत्री

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, असं आईचं मत आहे. "तिशी तरी येऊ दे, बाय. मग सांग जगाला तुझं बालपण," असं ती म्हणते, आणि मी टेबलावर पसरलेले कागद सरकवून तिच्या ताटासाठी जागा करते. तिचं बरोबर असेल. पण आमच्या घरातल्या त्या दिवसांचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि तो कमी होत जाण्याआधी मला लिहून ठेवायचा आहे. तो आवाज म्हणजे बाबांचा, आणि बाबांच्या आवाजामागे सतत चालणाऱ्या इंजिनाचा. मला कळायला लागल्यापासून माझे वडील मला असेच भेटले. वर्षातले काही महिने हाडामांसाचे, लुंगी नेसून सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये पंखे दुरुस्त करत फिरणारे, आणि उरलेले महिने व्हॉइस मेसेजमधले. ते मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होते. इंजिन जोरात चालू असलं की मला कळायचं, बाबा भर समुद्रात आहेत. मुख्य इंजिन थांबलं आणि नुसता जनरेटर गुरगुरत असला की जहाज नांगर टाकून कुठल्यातरी बंदराबाहेर उभं आहे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. इतर मुलांना बापाच्या स्कूटरचा आवाज ओळखू येतो, तसं ते होतं.

माझी मराठी पत्रकांवर वाढली आहे. शाळा सगळी इंग्रजीत, त्यामुळे आई मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची. पण बाबा रजेवर कोकणात जाऊन आले की त्यांच्या बॅगेत खाली सुका जवळा आणि वर आजोबांनी पाठवलेल्या पुस्तिका असत. आजोबा सभांमधून, विहाराच्या दारात, जयंतीच्या गर्दीत या पातळ पुस्तिका विकत. त्या पुस्तिकांना सुक्या मासळीचा वास यायचा आणि त्यांच्या मथळ्यांना उद्गारचिन्हं असायची. 'बंधूंनो, हा प्रश्न विचारा!' 'माणसाला नाव आहे!' गोष्टीची पुस्तकं वाचायच्या वयात मी ती वाचली, आणि मला वाटायचं की मराठी भाषा असतेच अशी, उभं राहून बोलायची. पंधराव्या वर्षी मी स्वतः पत्रकं काढू लागले. सुटीचा दिवस न मिळणाऱ्या घरकामाच्या बायकांवर लिहिलेलं पहिलं पत्रक मी आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये चिकटवलं. आईनं ते संध्याकाळच्या आत काढलं, घडी घातली आणि माझ्या उशाखाली ठेवलं. फाडलं नाही, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

आणि बाबा कादंबरी लिहीत होते. ऐतिहासिक, जपानमधली. जपाननं जगाला दारं बंद केली होती त्या काळात नागासाकीच्या किनाऱ्याला लागून पंख्याच्या आकाराचं एक एवढंसं बेट बांधलेलं होतं, आणि युरोपातल्या डच व्यापाऱ्यांना फक्त त्या बेटावर राहायची मुभा होती. पलीकडे शहर, मध्ये एक छोटा पूल, पुलावर पहारा. वर्षातून एकदा उन्हाळ्यात जहाज यायचं, माल उतरायचा, तांबं चढायचं, जहाज जायचं, आणि मागे राहिलेले व्यापारी पुढच्या जहाजाची वाट बघत बसायचे. बाबा तरुण असताना त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी नागासाकीला लागलं होतं आणि त्यांना एक दुपार बाहेर फिरायला मिळाली होती. ते बेट आता बेट राहिलेलं नाही. चारी बाजूंनी भराव टाकलाय, शेजारून ट्राम जाते. "पण मी तिथं उभा राहिलो आणि मला सगळं ओळखीचं वाटलं," ते सांगायचे. "समोर गाव दिसतंय, गावातल्या बायका वाळत घातलेले कपडे काढतायत, आणि तुला जायला परवानगी नाही. अगं, आम्ही निम्मी बंदरं अशीच बघतो. डेकवरून."

कादंबरी लिहायची पद्धत अशी. बाबा ड्युटी संपवून केबिनमध्ये फोनवर बोलत, जहाज किनाऱ्याजवळ येऊन नेटवर्क मिळालं की एकदम ढीगभर मेसेज येऊन पडत, आणि रविवारी सकाळी आई आणि मी स्वयंपाकघरात बसून ते ऐकत असू. आई घावन घालायची. तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज, बाबांचा आवाज, त्यामागे इंजिन. बाजारात मलय बायकांकडे मिळणारा बारीक सुका जवळा आई कोरडा भाजून, कांदा आणि कोकम घालून त्याची चटणी करायची आणि शेजारच्या मकचिक रोझ, म्हणजे मलयमध्ये रोझमावशी, वासावरून दार वाजवायच्या. मी टाइप करायची. आई मधेच म्हणायची, "थांब, ते परत लाव," आणि परत लावल्यावर डोळे मिटून ऐकायची. सोमवार ते शुक्रवार रॅफल्स प्लेसच्या बँकेत दुसऱ्यांचे आकडे जुळवणारी माझी आई रविवारी त्या बेटावर राहायला जायची, असं मला तेव्हा वाटे.

मी मात्र भांडायला बसायची. बाबांचा नायक यान नावाचा डच कारकून. गरीब घरातला, भिडस्त, हिशेबात पक्का, मनानं एकटा. त्याच्या मागे छत्री धरून चालणारा एक नोकर पहिल्या प्रकरणात यायचा. त्याला नाव नव्हतं.

"हा कोण?" मी मेसेज पाठवला.

"गुलाम. आशियातून धरून आणत तसे. जुन्या जपानी चित्रांत आहेत, गोऱ्या साहेबावर छत्री धरलेले."

"मग त्याला नाव दे."

"चित्रांत नाव नाहीये, बयो. डच लोक त्यांना महिन्यांची नावं द्यायचे. मार्च, सप्टेंबर."

"बाबा, तुझ्या बापानं जन्मभर विकलं काय? 'माणसाला नाव आहे!' आणि तू याला सप्टेंबर म्हणणार?"

दोन दिवस काही आलं नाही. मग जनरेटरच्या आवाजावर बाबांचा आवाज आला. "धाकू. रत्नागिरीकडचा. गोव्यात विकला गेला. झालं समाधान?" नाही झालं. मी लिहिलं की धाकूनं छत्री खाली ठेवली पाहिजे. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. "अगं, धाकूला सुटी दिलीस, तर साहेबावर छत्री कोण धरणार? तू?" आईही हसली. मी रागानं लॅपटॉप मिटला. तो मेसेज माझ्याकडे अजून आहे.

मग साथ आली. सगळं बंद झालं, आईची बँक घरातल्या जेवणाच्या टेबलावर आली, आणि बाबांचं जहाज खनिज घेऊन निघालं ते सिंगापूरच्या पूर्वेला नांगर टाकून उभं राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आमच्याच गावाला आले होते, आणि त्यांना उतरायची परवानगी नव्हती. त्यांचा करार संपून गेला होता. बदली माणूस येत नव्हता, विमानं बंद होती, बंदरं कुणाला घेत नव्हती. आईच्या ऑफिसच्या खिडकीतून अँकरेजमध्ये नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसायची. दरवर्षी ती तिथून बघायची आणि त्यांत बाबांचं कधी नसायचं. आता ते होतं, आणि ऑफिसला कुलूप. मकचिक रोझ मास्क खाली ओढून दारातून म्हणाल्या, "सो निअर, बट कॅनॉट कम लाह. अय्यो." आईनं त्यांच्या हातात चटणीची वाटी दिली आणि दार लोटलं.

एका रविवारी आम्ही दोघी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी गेलो. समोर जहाजंच जहाजं, सगळी सारखी. बाबांनी फोनवर सांगितलं की त्यांनी कठड्याला कामाचा केशरी बॉयलर सूट बांधला आहे. "दिसतोय का?" आईनं डोळ्यांवर हात धरला. मला काही दिसत नव्हतं. "दिसतोय," आई म्हणाली, "जरा डावीकडे झुकलाय." बाबा म्हणाले, "हो हो, वारा आहे." तिला खरंच दिसत होता का, हे मी तिला कधी विचारलं नाही. दोघांनीही फोन बराच वेळ ठेवला नाही.

मी अर्थातच पत्रक काढलं. 'मालाला बंदर आहे, माणसाला नाही!' जहाजं थांबली असती तर आमच्या दुकानांतले तांदूळ आणि साबण थांबले असते, म्हणून जहाजं चालू ठेवली आणि ती चालवणाऱ्यांना त्यांच्यातच कोंडलं. ही गोष्ट मला तेव्हा जितकी संतापजनक वाटली तितकीच आजही वाटते. या प्रकरणात मी पुष्कळ हळहळणार आहे, पण त्या पत्रकातलं एक अक्षर मागे घेणार नाही.

त्या दिवसांत कादंबरी मात्र भराभर पुढे गेली. नेटवर्क होतं, वेळ होता. बाबांना घरच्या भिंती दिसत होत्या म्हटलं तरी चालेल, आणि त्यांच्या यानला पुलापलीकडचं गाव. नवव्या प्रकरणात यान दुपारी समुद्राकडे बघत बसतो, आणि त्याला पाण्यावर काळे ठिपके तरंगताना दिसू लागतात. त्याला वाटतं पक्षी आहेत, जहाजाच्या पुढे उडत आलेले. तो धाकूला विचारतो, दिसतात का? धाकू म्हणतो, नाही. यानला वाटतं, हा खोटं बोलतोय, याला जहाज यायला नकोय. मग काही दिवसांनी त्याच्या डाव्या बाजूला सावली चढू लागते. 'इतरांचा दिवस पश्चिमेला मावळायचा, यानचा डावीकडून.' आईनं तव्याखालचा गॅस बंद केला. "परत लाव." मी परत लावलं. "अहो," ती फोनवर म्हणाली, "हे तुम्ही फार सुंदर लिहिलंय. वाट बघून माणसाला असंच होतं." मीसुद्धा, जिला यान कधी आवडला नव्हता, त्या वाक्याला काही बोलले नाही. बाबा म्हणाले, "आवडलं ना? मग झालं."

पुढच्या प्रकरणात जहाज निघतं आणि त्यावर फक्त एका माणसाची जागा असते. बाबांच्या मते ती यानची. कारकुनाला सोडून गुलामाला कोण जहाजावर घेईल? इतिहासात बसत नाही. मी म्हटलं, "इतिहास लिहिणाऱ्यानं बसवलं नाही, तू बसव." आम्ही आठवडाभर भांडलो. अखेर बाबांनी लिहिलं. यान आजारी असल्याचं सांगून मागे राहतो, आणि आपल्या जागी नोकराला डचांच्या बटाव्हिया बंदरापर्यंत जाऊ द्या, अशी वरिष्ठांची मनधरणी करतो. धाकू जहाजाच्या शिडीवर चढतो. छत्री धक्क्यावर पडलेली. बाबांनी मला फक्त एवढंच पाठवलं, "घे. उतरला तुझा धाकू."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कंपनीनं एक बदली इंजिनिअर जहाजावर पाठवायचं ठरवलं. एक वर, एक खाली. खाली यायला पहिला नंबर बाबांचा होता. आमच्या घरात एक रीत होती. बाबा जहाजावरून उतरून लाँचमध्ये बसले असा फोन आल्याशिवाय आई घावनाचे तांदूळ भिजत घालायची नाही. आधी भिजवले की साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून सुटका, लांबतो, असं ती हसत म्हणायची आणि पाळायची. त्या वेळी मात्र तिनं आदल्या संध्याकाळीच तांदूळ भिजवले. "समोर तर आहेत," ती म्हणाली. "आता काय लांबतंय?"

सकाळी फोन आला तो केबिनमधून. बाबांच्या हाताखाली नितीन नावाचा ज्युनिअर इंजिनिअर होता, मालवणचा, पहिल्याच जहाजावर आलेला. "हा मुलगा जेवत नाही," बाबा म्हणाले. "कुणाशी बोलत नाही. काल ड्युटी संपल्यावर शोधला, तर मागच्या डेकवर कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत उभा. मी हाताला धरून आणलाय. चीफ म्हणतायत, दोघांतला कुणीही एक जाऊ दे, तुम्ही ठरवा."

आईनं वाटलेल्या पिठावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही ठरवलंच असेल."

"तुला विचारतोय."

"मला विचारू नका. मी बायको आहे, मी काय सांगणार ते तुम्हाला माहीत आहे." तिनं फोन माझ्यापुढे सरकवला. "हिला विचारा. ही तत्त्ववादी."

आईच्या आवाजात टोमणा होता आणि टोमण्याखाली आशा होती. मला ती आशा ऐकू आली. मी म्हणाले, "बाबा, तो आधी." दुसरं काय म्हणणार होते? आजही तेच म्हणेन. मागे जनरेटर गुरगुरत होता. मग बाबा म्हणाले, "हं. मलाही तसंच वाटत होतं. घावन खा तुम्ही."

नितीन उतरला, खास सोडलेल्या विमानानं घरी गेला. जहाज नांगर उचलून निघून गेलं. आईनं वाटलेलं पीठ टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आंबलं, तिनं त्याच्या आंबोळ्या केल्या आणि आम्ही दोघींनी त्या एकमेकींकडे न बघता खाल्ल्या. "यानलाच जाऊ द्यायचं होतंस," ती एकदाच म्हणाली. कादंबरीतल्या यानबद्दल म्हणाली की कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

पुढचे कित्येक महिने कादंबरी आली नाही. 'काम आहे', 'दमलोय', 'नेटवर्क नाही'. परत आले तेव्हा पावसाळी दुपार होती. बाबा दारात उभे राहिले, आई डावीकडून पुढे झाली, तरी ते समोर माझ्याकडेच बघत राहिले. तिनं त्यांच्या हाताला हात लावला तेव्हा दचकले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता, आणि सुटून फार दिवस झाले होते. सुरुवातीला काळे ठिपके दिसतात, मग बाजूनं सावली येते, तेव्हाच शस्त्रक्रिया झाली असती तर बरंच वाचलं असतं, असं त्या बाईंनी शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "हे कधीपासून दिसत होतं तुम्हाला?"

बाबांनी आमच्याकडे वळून मराठीत सांगितलं, "नवव्या प्रकरणापासून."

आई खुर्चीत बसली होती तशीच बसून राहिली. तिनं पर्सचा पट्टा दोन्ही हातांत धरला होता.

टॅक्सीत ती एवढंच म्हणाली, "अहो, मी म्हटलं, सुंदर लिहिलंय." आणि बाबांनी तिची समजूत घातली, जणू डोळा तिचा गेला होता. "अगं, मलाही लिहिल्यावर बरं वाटलं. थकव्यानं होत असेल म्हटलं. आणि एकदा यानला देऊन टाकलं, तेव्हा वाटलं, आपलं गेलं." मी खिडकीतून बाहेर बघत होते. ज्या घरात दर रविवारी शब्दन् शब्द परत लावून ऐकला जायचा, त्या घरात कुणालाही ऐकू आलं नव्हतं. कुठल्याही साध्या घरात बाप म्हणाला असता, डोळ्यांपुढे ठिपके येतात, आणि बायको ओरडली असती, डॉक्टरला दाखवा. आमच्याकडे त्याचं साहित्य झालं. हे लिहितानाही मला भीती वाटते की मी पुन्हा तेच करते आहे.

एका डोळ्यानं जहाजावर जाता येत नाही. बाबा आता इथंच, तुआसला, एका जहाज दुरुस्ती यार्डच्या कचेरीत बसतात, सुटे भाग मागवतात आणि दर संध्याकाळी घरी असतात. ज्यासाठी आईनं सगळी वर्षं वाट बघितली ते तिला मिळालं, फक्त असं नको होतं मिळायला. नितीन गेल्या वर्षी आला होता. आता तो वरच्या पदावर आहे, त्याचं लग्न झालंय. त्यानं पाया पडून बाबांच्या डावीकडे पाण्याचा ग्लास ठेवला. बाबांचा हात लागून तो सांडला आणि बिचारा फडकं शोधायला धावला. बाबा म्हणाले, "बस रे, पाणीच आहे." तो समोर बसून घावन खात होता आणि त्याच्याकडे बघताना मला कळत होतं, मी चुकले नव्हते. आणि त्यानं काहीही भरून येत नव्हतं.

कादंबरी तिथंच थांबली आहे. शेवटच्या प्रकरणात जहाज यायचं होतं, यानला न्यायला. मी एकदा म्हटलं, तू सांग, मी टाइप करते. बाबा म्हणाले, "आता जहाज आणवत नाही गं. तू आण." मी तीनदा प्रयत्न केला. माझं जहाज येतं, पण धक्क्याला लागण्याआधीच भाषण करू लागतं. मी पत्रकं अजून लिहिते, चांगली लिहिते. यानला घरी कसं आणायचं, ते मला त्यांतून शिकता आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीहून आम्ही परत येत होतो. एमआरटी स्टेशनपासून आमच्या ब्लॉकपर्यंत उघडा रस्ता आहे आणि ऊन असं की डांबराला वास येत होता. औषध घातल्यामुळे बाबांचा चांगला डोळाही चुरचुरत होता. मी छत्री उघडली आणि सवयीनं त्यांच्या डावीकडे गेले, कारण सायकली तिकडूनच येतात. थोडं चालल्यावर बाबा थांबले. मान पूर्ण वळवून, उजवा डोळा माझ्यापर्यंत आणून त्यांनी वर छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'छत्री कोण धरणार?' ही जुनी गंमत त्यांना आठवली, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. मी वाट बघत होते की ते ती करतील.

त्यांनी दांड्यावर माझ्या हाताच्या वर आपला हात ठेवला आणि छत्री ओढून मधे आणली. माझा निम्मा खांदा सावलीत आला, त्यांचा निम्मा उन्हात गेला, आणि तशीच ती दोघांनी धरून आम्ही घरी आलो.